आधी हप्ता, मग वस्तू: कर्ज न काढता मोठी खरेदी कशी होते

फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ज्या दराने ती इतर बँकांना अल्प मुदतीसाठी पैसे देते तो दर, साडेसहा टक्क्यांवरून खाली आणायला सुरुवात केली आणि डिसेंबरपर्यंत तो सव्वापाच टक्क्यांवर आला. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून लहान मोटारी, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्या, एसी आणि मोठे टीव्ही यांच्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. कर्ज स्वस्त आणि वस्तूही स्वस्त, असा योग क्वचित येतो, आणि तो आला की नागपुरात सीताबर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंत दुकानांच्या फलकांवर वस्तूची किंमत बारीक अक्षरांत आणि महिन्याचा हप्ता ठळक अक्षरांत दिसू लागतो.

अशा वेळी कोणी म्हणाले की मी गाडी हप्त्यावर घेणार नाही, पैसे साठवून एकदम देईन, तर घरातली तरुण मंडळी त्याला भाबडा समजतात. मला तो भाबडा वाटत नाही. त्याने एक साधा हिशेब केलेला असतो, जो दुकानात कोणी समजावून सांगत नाही. तो हिशेब इथे मुळापासून मांडायचा आहे, कारण तो समजल्यावर कर्ज कुठे टाळावे आणि कुठे ते टाळणे शक्यच नाही, हे प्रत्येकाला आपापल्या घरापुरते ठरवता येईल.

कर्ज घेताना आपण काय विकतो

काटोल-नरखेड भागात संत्र्याची बाग असलेले कुटुंब ओळखीचे असेल, तर आंबिया बहाराची बाग फळ लहान असतानाच व्यापाऱ्याला देऊन टाकण्याची रीत तुम्हाला माहीत असेल. शेतकऱ्याला गरजेच्या वेळी रोकड मिळते, पण पिकलेल्या फळाला जो भाव आला असता त्याहून कमी मिळतो. मधला फरक हा थांबण्याचा मोबदला असतो आणि तो व्यापाऱ्याकडे जातो.

कर्ज घेणारा पगारदार माणूस हेच करतो. तो आपल्या पुढच्या ३६ किंवा ८४ महिन्यांच्या कमाईचा एक भाग आज कमी भावाने विकतो. मात्र एक मोठा फरक आहे. बाग विकल्यानंतर फळगळ झाली, गारपीट झाली, तर ठरलेल्या व्यवहारात तो फटका बहुधा व्यापाऱ्याला बसतो. कर्जात तसे होत नाही. बुटीबोरीतल्या कारखान्यात कंत्राट संपले, मिहानमधल्या कंपनीने माणसे कमी केली किंवा घरात आजारपण आले, तरी हप्त्याची तारीख जागची हलत नाही. म्हणजे भविष्य स्वस्तात विकायचे आणि त्याची जोखीमही आपल्याच डोक्यावर ठेवायची, असा हा व्यवहार आहे. व्याजाच्या रकमेपेक्षा मला ही दुसरी बाजू जास्त गंभीर वाटते, कारण व्याजाचा आकडा निदान कागदावर लिहिलेला असतो.

हप्ता तोच, दिशा उलटी

समजा, दुचाकीसाठी एक लाख रुपये हवे आहेत. वर्षाला ११ टक्के दराने तीन वर्षांचे कर्ज घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३,२७४ रुपये येतो आणि ३६ महिन्यांत आपण एकूण १ लाख १७ हजार ८६० रुपयांच्या आसपास भरतो.

आता हेच ३,२७४ रुपये दर महिन्याला बँकेच्या आवर्ती ठेवीत, म्हणजे आपण ज्याला आरडी म्हणतो त्यात, साडेसहा टक्के दराने टाकले असे धरा. २९ व्या महिन्यात खात्यात एक लाखाच्या वर रक्कम जमा झालेली असते. गाडी दारात येते आणि पुढचे सात हप्ते भरावेच लागत नाहीत. त्याच पगारातून, तेवढ्याच काटकसरीने, तीच गाडी सुमारे २३ हजार रुपयांनी स्वस्त पडली. बदलले ते इतकेच की आधी गाडी आणि मग हप्ता याऐवजी आधी हप्ता आणि मग गाडी आली.

या २९ महिन्यांची किंमत असते, हे मी नाकारत नाही. ज्याला सोमवारपासून हिंगण्याला कामावर जायचे आहे आणि जायला सोयीची बस नाही, त्याला अडीच वर्षे थांबा असे सांगणे निर्दयपणाचे ठरेल. पण त्याच्यापुढेही मधला मार्ग असतो. ३०-३५ हजारांची जुनी, चांगल्या स्थितीतली गाडी दहा-अकरा महिन्यांच्या बचतीत येते, ती चालवत पुढची बचत सुरू ठेवता येते आणि नवी घेताना जुनीचेही काही पैसे सुटतात. कर्जाशिवाय मोठी खरेदी करणारी बहुतेक कुटुंबे अशीच पायरीपायरीने वर गेलेली असतात. मोटारीच्या बाबतीत तर हा मार्ग अधिकच लागू पडतो. सात लाखांचे कर्ज नऊ टक्के दराने सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ११,२६० रुपये आणि व्याज सुमारे २ लाख ४६ हजार होते. हाच हप्ता दोन वर्षे तशाच आरडीत टाकला, तर २ लाख ८८ हजारांच्या आसपास जमतात, आणि तेवढ्यात वापरलेली चांगली मोटार मिळू शकते. विमा कंपन्या नव्या गाडीची विम्यापुरती किंमत ज्या तक्त्याने ठरवतात, त्यात गाडी चार वर्षांची झाली की किंमत निम्मी धरली जाते. ज्या वस्तूची किंमत पाचव्या वर्षी अर्धी उरते, तिचे हप्ते सातव्या वर्षापर्यंत भरत राहणे मला पटत नाही.

‘विनाव्याज’ हप्त्यात व्याज कुठे असते

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे, म्हणून थोडे थांबून पाहू. २४,००० रुपयांचा फोन किंवा फ्रिज, सहा महिने दरमहा ४,०००, व्याज शून्य. बेरीज बरोबर येते, मग फसवणूक कुठे आहे?

फसवणूक नाही, पण व्याज आहे. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याजाच्या योजनांमध्ये व्याज दुसऱ्या नावाखाली दडवले जाते आणि अशी पद्धत योग्य नाही. त्यानंतर व्यवहाराची मांडणी बदलली. आता बहुतेक वेळा बँक आपले व्याज लावतेच, आणि त्या व्याजाइतकी सूट विक्रेता किंवा उत्पादक आधीच देतो. दरमहा ४,००० रुपयांचे सहा हप्ते आणि १५ टक्के व्याज धरले, तर मूळ कर्जाची रक्कम सुमारे २२,९८० रुपये निघते. म्हणजे विक्रेता तो फ्रिज जवळपास २३ हजारांना द्यायला तयार असतो, उरलेले हजार रुपये बँकेचे व्याज असते. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यात त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि अनेकदा प्रक्रिया शुल्कही वेगळे लागते.

हजार रुपये २४ हजारांच्या मानाने चार टक्के दिसतात, मग दर १५ टक्के कसा? कारण पूर्ण रक्कम आपल्याकडे फक्त पहिला महिना असते. प्रत्येक हप्त्याबरोबर ती कमी होत जाते, त्यामुळे सरासरीने आपण निम्म्याच रकमेचे कर्ज तेही अर्ध्याच वर्षासाठी वापरतो.

यातून निघणारी गोष्ट रोखीने घेणाऱ्याच्या उपयोगाची आहे. तुम्ही एकदम पैसे देऊन २४ हजारच मोजले, तर हप्तेवाल्यासाठी ठेवलेले हजार रुपये तुम्हीही भरले. म्हणून भाव विचारताना “एकदम दिले तर काय घ्याल?” हा प्रश्न मोठ्या दालनातही संकोच न करता विचारावा. मला एका दुकानात उत्तर मिळाले होते, “भाऊ, एकदम पैसे कायले अडकवता, हप्त्यावर घेऊन टाका ना.” कर्ज जुळवून दिल्याबद्दल विक्रेत्याला अनेकदा वित्त कंपनीकडून मोबदला मिळतो, त्यामुळे त्याचा हा आग्रह समजण्यासारखा आहे. मी उठून निघालो तेव्हा मात्र त्याच फ्रिजचा भाव कमी झाला.

एकाच दराची दोन रूपे

दुचाकी आणि किरकोळ वस्तूंच्या कर्जात ‘फक्त सात टक्के’ असे सांगितले जाते, तेव्हा तो दर कशावर आहे हे विचारावे. फ्लॅट दरात व्याज पूर्ण मुद्दलावर अखेरपर्यंत मोजले जाते, तर घटत्या शिलकीच्या दरात उरलेल्या मुद्दलावर. एक लाख रुपयांवर सात टक्के फ्लॅट दराने तीन वर्षांचे व्याज २१ हजार होते आणि हप्ता ३,३६१ रुपये येतो. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर सुमारे १२.८ टक्के आहे, म्हणजे वर पाहिलेल्या ११ टक्क्यांच्या कर्जापेक्षा हे ‘सात टक्क्यांचे’ कर्ज महाग आहे.

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ कर्ज देताना की फॅक्ट स्टेटमेंट नावाचे पत्रक द्यावे लागते, आणि त्यात शुल्क धरून पडणारा खरा वार्षिक दर एका आकड्यात लिहावा लागतो. सही करण्यापूर्वी तेवढा एक आकडा वाचला तरी पुरे.

रोख म्हणजे नोटांची पिशवी नव्हे

या लेखात रोख म्हणजे स्वतःचे, आधी साठवलेले पैसे. ते चेकने द्या, यूपीआयने द्या किंवा आरटीजीएसने द्या. हे स्पष्ट करण्याचे कारण असे की इतवारीत दागिने घेताना किंवा जुनी मोटार घेताना अजूनही लोक नोटा मोजून देतात. १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्यानुसार एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारापोटी दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम नोटांमध्ये स्वीकारता येत नाही, आणि स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. घर किंवा प्लॉटच्या व्यवहारात तर २० हजार वा त्याहून अधिक रक्कम नोटांनी घेण्यास मनाई आहे. इसार नोटांनी दिला आणि पुढे वाद झाला, तर सिद्ध काय करणार?

साठवण कुठे करायची हाही प्रश्न याला जोडूनच येतो. नागपुरात भिशी घरोघरी चालते, आणि महिन्याच्या महिन्याला पैसे बाजूला टाकण्याची शिस्त लावण्यात तिच्याइतके प्रभावी दुसरे काही मी पाहिलेले नाही. पण भिशीचा सगळा डोलारा माणसांच्या शब्दावर उभा असतो, आणि लवकर उचल घेणाऱ्याने पुढे हात वर केले तर दाद मागणे कठीण जाते. म्हणून ती ओळखीच्या दहा-बारा जणांत आणि लहान रकमेपुरती ठीक आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून वाढवण्यात आली. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. दोन टक्के जादा व्याजासाठी मुलीच्या लग्नाचे पैसे पतसंस्थेत ठेवताना हा फरक माहीत असायला हवा.

आणि या सगळ्याच्या आधी किमान तीन, शक्य झाल्यास सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम वेगळी असावी, जिला गाडीसाठी हात लावायचा नाही. सगळी पुंजी ओतून गाडी घेतली आणि पुढच्याच महिन्यात दवाखान्याचे बिल क्रेडिट कार्डावर थकले, तर महिन्याला तीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४५ टक्के व्याज लागू शकते. मग गाडीवर वाचवलेले सगळे तिथे जाते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये असुरक्षित ग्राहक कर्जांसाठी बँकांना अधिक भांडवल राखायला लावले, ते अशा तारणाविना कर्जांची वाढ तिला काळजीची वाटली म्हणूनच.

पण तोवर भाव वाढले तर?

वाढतातच. मात्र एक लाखाची दुचाकी वर्षाला चार टक्क्यांनी महागली, तर २९ महिन्यांत ती सुमारे दहा हजारांनी वाढेल. म्हणजे आणखी तीन हप्ते साठवावे लागतील. तरीही कर्जापेक्षा आपण पुढेच राहतो. शिवाय पैसा हाताशी असणाऱ्याला वेळ निवडता येते. एप्रिल उजाडला आणि पारा ४२ च्या पुढे गेला की कूलरवाला घासाघीस ऐकत नाही, पण जानेवारीत तोच माणूस खुर्ची देऊन बसवतो. आमच्या घरचा मोठा कूलर आम्ही संक्रांतीच्या आठवड्यात घेतला, तेव्हा खसच्या ताट्या दुकानदाराने वरून दिल्या.

पैसे गुंतवून व्याजापेक्षा जास्त कमावता येणार नाही का?

हा सर्वांत हुशार आक्षेप आहे. कर्ज नऊ टक्क्यांनी मिळते आणि शेअर बाजारात दीर्घकाळात त्याहून जास्त मिळू शकते, तर स्वतःचे पैसे गाडीत का घालायचे? गणित चुकीचे नाही, पण यातले नऊ टक्के निश्चित आहेत आणि बाजारातली वाढ अनिश्चित. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांना टेकलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला. पुढे तो सावरला, पण ज्याचा पगार त्याच महिन्यांत थांबला त्याला पडत्या भावाने गुंतवणूक मोडून हप्ते भरावे लागले असतील. तेव्हा हप्ते पुढे ढकलण्याची सवलत मिळाली होती हे खरे, पण त्या महिन्यांचे व्याज चढतच होते. ज्याची नोकरी पक्की आहे, आणीबाणीची रक्कम वेगळी आहे आणि जो वाचलेले पैसे खरोखरच गुंतवतो, त्याने हा विचार जरूर करावा. माझ्या पाहण्यात मात्र कर्ज घेतल्याने ‘वाचलेले’ पैसे बहुधा खर्चच होतात.

कर्जच घेतले नाही तर सिबिल कसा होईल?

सिबिल स्कोअर हा ३०० ते ९०० च्या दरम्यानचा आकडा आहे आणि तो परतफेडीची सवय दाखवतो, श्रीमंती दाखवत नाही. उद्या घरकर्ज लागणार असेल तर तो चांगला असावा, हे खरे. पण त्यासाठी व्याज भरण्याची गरज नाही. एक क्रेडिट कार्ड, त्यावर किराणा आणि विजेचे बिल, आणि दर महिन्याला पूर्ण रक्कम मुदतीत फेडणे एवढ्याने इतिहास तयार होतो. पूर्ण म्हणजे पूर्ण. थोडी जरी बाकी ठेवली तरी व्याज खरेदीच्या तारखेपासून लागते. पूर्वी कर्ज घेतले नाही एवढ्याच कारणाने पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे.

मग घराचे काय?

इथे रोखीचा आग्रह मी धरणार नाही. ५० लाखांचा फ्लॅट साठवून घ्यायचा म्हटले तर नोकरदाराचे अर्धे आयुष्य भाड्यात जाईल. शिक्षणाचे कर्ज, पीककर्ज हीदेखील कमाई वाढवणारी कर्जे आहेत. राज्यात तर तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्याला पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याजाचा भार पडत नाही. ते नाकारण्यात शहाणपण नाही.

पण घरकर्जातही दिशा थोडी उलटवता येते. ४० लाख रुपये साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ३४,७१३ रुपये येतो. त्यातले पहिल्या महिन्यात २८,३३३ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फक्त ६,३८० रुपयांनी कमी होते. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत जास्तीचे भरलेले पैसे सर्वांत जास्त काम करतात, कारण ते थेट मुद्दलातून वजा होतात. दरवर्षी दिवाळीचा बोनस किंवा साठवलेला पैसा वापरून एक जादा हप्ता भरला, तर हे कर्ज सुमारे १६ वर्षे ८ महिन्यांत संपते आणि व्याजाचे आठ लाखांच्या आसपास रुपये वाचतात. बदलत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर मुदतीपूर्वी फेडीचा दंड बँक लावू शकत नाही. व्याजावर करसवलत मिळते, ती कशाला घालवायची, असे कोणी म्हणेल. पण आपण वेगळे काही निवडले नाही तर आता आपोआप लागू होणाऱ्या नव्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चारवरून साडेसहा टक्के झाला, तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र न कळत काही वर्षांनी लांबली. ज्यांचे घरकर्ज त्या काळातले आहे त्यांनी बँकेकडून आताचा तक्ता मागून घ्यावा आणि शेवटच्या हप्त्याची तारीख पाहावी. दर उतरल्यानंतर हप्ता कमी करून घेण्याऐवजी तोच ठेवून मुदत कमी करायला सांगता येते, आणि त्यासाठी एक लेखी अर्ज पुरतो.

कर्ज फिटले की दोन कामे राहतात आणि ती बहुतेक जण विसरतात. घराचे मूळ कागद पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत परत मिळायला हवेत. डिसेंबर २०२३ पासून बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई देणे तिच्यावर बंधनकारक आहे. गाडीच्या बाबतीत, नोंदणी पुस्तकावर लिहिलेला कर्जदात्याचा बोजा आपोआप पुसला जात नाही. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन, गाडी एमएच-३१ ची असो वा एमएच-४९ ची, आपापल्या आरटीओत तो उतरवून घ्यावा लागतो, आणि तोवर ती गाडी विकायला काढली तरी व्यवहार अडकून राहतो.